पिराजूसाठी रडायचं राहिलं

त्या कुऱ्हाडीला हात लावू नका. किती वेळा सांगायचं? सरपण फोडायला दगडाची पडलीय ना तिथं, ती घ्या. ही पिराजूची आहे. आता पिराजू कोण म्हणून विचाराल, म्हणजे झालंच माझं काम. बरं, बसा. पण मधे मधे तोंड घालायचं नाही, आणि त्या कंदाच्या पिठाकडं कुणीतरी बघा, खाली लागलं तर तुम्हालाच करपलेलं खायचंय.

पिराजू म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचा, मुरुसीचा नवरा. माझा दाजी. तेव्हा आपण इथं डोंगरात नव्हतो, समुद्राकाठी नदीच्या मुखापाशी राहायचो. लांब टांगांचा माणूस, बडबड्या, आणि एका जागी बूड टेकेल तर शपथ. त्याची आई आतल्या मुलखातली. तिच्या पाठीवर बसून त्यानं लहानपणीच पश्चिमेची जुनी वाट पाहिली होती, तिचं त्याला कोण कौतुक! "आमच्या वाटेवर असं असतं, आमच्या वाटेवर तसं असतं." जसं काही यानंच तिच्यावरचं गवत तुडवलं होतं.

मुरुसी म्हणायची, "त्या वाटेशीच लग्न लावायचं होतंस. मला कशाला आणलंस?"

तो म्हणायचा, "वाट पीठ भाजून देत नाही ना गं."

मला तो तेव्हाही फारसा पटायचा नाही. जो माणूस सगळ्यांशी गोड बोलतो तो आपला कुणाचा, हे कळायचं कसं? पेरो लोकांची, म्हणजे समुद्रापलीकडच्या त्या दाढीवाल्या गोऱ्यांची जहाजं लाल लाकडासाठी यायची. आमची माणसं लाकूड तोडून किनाऱ्यावर रचायची, ते सुऱ्या द्यायचे, गळ द्यायचे, आरसे द्यायचे. बाकीचे देवाणघेवाण करून घरी यायचे. हा मात्र त्यांच्या शेकोटीपाशी बसून राहायचा. त्यांची भाषा उचलली बघता बघता. मग काय विचारता! स्वारी नेहमी पेरोंच्या पुढं पुढं. त्यांच्यासारखी मान वाकडी करून हसायचासुद्धा.

त्या पेरोंत एक दुआर्ते होता. लाल दाढी, अंगाला ओल्या चामड्याचा वास. हसला की दात दिसायचे, डोळे हसायचे नाहीत. त्याच्या डोक्यात कुणीतरी भरवलं होतं की सूर्य मावळतो तिकडं चांदीचा डोंगर आहे. आणि आमचं हे ध्यान छाती पुढं काढून म्हणालं, "वाट मला ठाऊक आहे."

झालं. ओझी वाहायला, शिकार करायला, वाटेत कुणी अडवलं तर बोलायला माणसं पाहिजेत. पिराजूनं घरोघर जाऊन पोरांना भरीला घातलं. परत येताना प्रत्येकाला कुऱ्हाड मिळेल, लोखंडाची. आमच्या लांब घरातून, एका छपराखाली सगळी कुटुंबं राहायची त्यातून, गेला तो कुरिंबा, तुकुमा मावशीचा एकुलता एक मुलगा. हसरा, मासे मारण्यात पटाईत. नुकतंच त्याच्या खालच्या ओठाचं भोक मोठं करून त्यात हिरवा दगड बसवला होता, पुरुषांचा. त्या दगडामुळं बोलताना थोडी थुंकी उडायची, म्हणून पोरी चिडवायच्या.

तुकुमा मावशी रडली नाही. पिराजूच्या समोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "तू नेतोयस. तूच आणायचं."

"आणतो की मावशी. कुठं जाणार आहे तो?"

"ते मला काय माहीत? म्हणून तर तुला सांगतेय."

गेले. मग खूप काळ काहीच कळलं नाही. जहाजांबरोबर खोकला आला. आमच्या घरातल्या खांबांना बांधलेल्या, आम्ही झोपायचो त्या कितीतरी झोळ्या रिकाम्या झाल्या. माझी मुरुसी गेली त्यातच. शेवटी शेवटी ती दाराकडं बघायची आणि म्हणायची, "हा येईल तेव्हा त्याला नीट सांगा गं, एकदम सांगू नका." शिवाय दक्षिणेकडच्या बंदरातून बातम्या यायला लागल्या. पेरो आता लाकूड नेत नाहीत, माणसं नेतात. भेटायला बोलावतात, जहाजावर चढवतात आणि शीड उभारतात. आधी आम्ही म्हटलं, थापा आहेत. मग एक अख्खं गाव ओस पडलेलं आमच्याच माणसांनी बघितलं.

आणि अशात एके दिवशी भर उन्हात पिराजू आला. एकटा. हाडांचा सापळा झालेला, पायांना चिंध्या बांधलेल्या. आणि खांद्यावर ही कुऱ्हाड.

तुम्ही हल्ली पाहुणा आला की तोंड झाकून नुसतं हूं हूं करता आणि लगेच खायला वाढता. तेव्हा तसं नव्हतं. लांबून आलेला माणूस आत येऊन मुकाट्यानं झोळीत बसायचा. मग घरातली सगळ्यात थोर बाई त्याच्या पायाशी बसायची, केस चेहऱ्यावर ओढायची आणि रडायला सुरुवात करायची. तिच्यामागून बाकीच्या. त्या रडण्यातच सगळं सांगायचं, तू नसताना कोण मेलं, कोण जन्मलं, पीक कसं आलं, तुझी किती आठवण आली. त्यानंही डोकं खाली घालून रडायचं आणि रडता रडता आपलं सांगायचं. त्या रडण्यात कुणी खोटं बोलत नाही. सगळं रडून झालं की मग ती विचारणार, "आलास का?" आणि तो म्हणणार, "हो, आलो." तेव्हा कुठं माणूस आला. तोवर तो वाटेवरच असतो, समोर बसला असला तरी. त्याच्याशी बोलायचं नाही, त्याचं ऐकायचं नाही. जंगलातलं भूत माणसाचा चेहरा घेऊन येतं, ते बोलतंही गोडच.

पिराजूसाठी मी मुरुसीच्या झोळीशेजारी झोळी बांधली. तो बसला. कुऱ्हाड पायाशी ठेवली. मुरुसीच्या झोळीकडं बघितलं, ती गुंडाळून वर टांगलेली होती. मग तुकुमा मावशीकडं बघितलं.

तुकुमा मावशी कंद किसत होती. ती किसतच राहिली.

आम्ही सगळ्या थांबलो. तिच्याआधी सुरुवात करायची कुणाची हिंमत? ऊन कललं. तिनं किसलेला कंद पिळला, पीठ केलं, भाजलं, पोराबाळांना वाढलं. त्याच्या झोळीसमोरून दहादा गेली असेल, पण केस काही चेहऱ्यावर ओढले नाहीत.

दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्याही नाही. मी त्याच्यासमोर खाणं ठेवायची आणि निघून यायची, भुताला ठेवतात तसं. एकदा त्यानं माझा हात धरला. "अगं, ऐक, मला सांगायचंय—" मी हात सोडवून घेतला आणि कानांत बोटं घातली. दुसरं काय करणार? त्याचा चेहरा असा झाला की मला शिव्या द्याव्याशा वाटल्या, त्याला की मावशीला, कोण जाणे.

आणि मग कुजबुज सुरू झाली. बाकी कुणीच आलं नाही आणि हा एकटाच कसा परत आला? बरं, पळून आला म्हणावं तर मग कुऱ्हाड? पळणाऱ्याला कुणी कुऱ्हाड देतं? माझा मामेभाऊ म्हणाला, "ओळीनं सगळ्यांना विकलं असणार ह्यानं, ती कुऱ्हाड म्हणजे त्यांची किंमत." आणि एक गोष्ट सगळ्यांनी पाहिली होती. रोज सकाळी हा उठायचा, खुरडत खुरडत किनाऱ्यावर जायचा आणि समुद्राकडं टक लावून उभा राहायचा. कुणाची वाट बघत होता? कुठंतरी पाणी मुरत होतं हे तर आंधळ्यालाही दिसलं असतं. मी डोळ्यांत तेल घालून त्याच्यावर लक्ष ठेवलं. झोपेत तो पेरोंच्या भाषेत बोलायचा.

शेवटी मीच तुकुमा मावशीला गाठलं, ओढ्यावर.

"मावशी, रडून टाक ना त्याच्यासाठी. रडलीस की तो सांगेल. कुरिंबाचं काय झालं ते कळेल तरी."

"आधी माझा पोर कुठंय ते कळू दे, मग रडेन."

"अगं पण तू रडल्याशिवाय तो सांगणार कसं?"

"मग नको सांगू देत."

"हे काय गं मावशी! असं कसं चालेल?"

तिनं भरलेलं मडकं खाली ठेवलं. "पोरी, मी त्याच्यासाठी रडले की तो आला. तो आला म्हणजे एकटा आला. कळलं? अजून तो वाटेवर आहे. वाटेवर आहे तोवर कुरिंबाही त्याच्या मागं असू शकतो."

मी तिचं मडकं उचलून डोक्यावर घेतलं.

आणि मग जहाज आलं.

लाल दाढी लांबूनच ओळखू आली. दोन होड्या भरून माणसं उतरली. ती किनाऱ्यावरच थांबली, पोलादी टोपी घातलेली, हातात नळ्यांच्या बंदुका. दुआर्ते मात्र एकटा, हात पसरून, हसत हसत वर आमच्या घरी आला. आणि तुम्हाला सांगते, त्या मेल्यानं आमची रीत पुरती शिकून घेतली होती! सरळ आत आला, एका शब्दानं बोलला नाही, मधल्या झोळीत बसला, डोकं खाली घातलं आणि दोन्ही हातांनी चेहरा झाकला.

आणि तुकुमा मावशी उठली. त्याच्या पायाशी जाऊन बसली, केस पुढं ओढले आणि तिनं सुरुवात केली.

परक्यासाठी! मागं पिराजू बसलेला, दिवसचे दिवस नुसता बसलेला, आणि आमची थोर बाई त्या चामड्याच्या वासाच्या माणसासाठी रडतेय. माझा संताप संताप झाला. पण तिनं सुरू केल्यावर आम्हाला करावंच लागलं. मी रडता रडता पिराजूकडं बघितलं. तो हसत होता. म्हणजे तोंड तसं झालं होतं.

मावशीनं बाकीचं काही सांगितलं नाही. पीक नाही, पाणी नाही. ती एकच रडत होती, "माझा कुरिंबा तुझ्याबरोबर आला होता, तू त्याला कुठं ठेवलास, माझा कुरिंबा तुझं ओझं वाहत होता, तू त्याला कुठं ठेवलास." तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ज्याच्यावर तिचा संशय होता त्याच्याकडून तिला खरं नको होतं. ते ती ह्या दुआर्तेकडून काढून घेऊ बघत होती.

रडणं संपलं. तिनं विचारलं, "आलास का?"

"हो, आलो," दुआर्ते म्हणाला. शिकलेला राघू. आणि मग आपल्या मोडक्यातोडक्या बोलीत, "कुरिंबा. जहाजावर. चांगला. जाडा झाला. आई, चला. सगळे चला. भेटायला."

घरात एकदम गलका उठला. "आहे? आहे म्हणतोय!" माझा मामेभाऊ तर उडीच मारून उठला. दुसरी एक बाई, तिचाही नवरा गेला होता, ती पोराला कडेवर घेऊन दाराकडं निघालीसुद्धा. मावशीनं केस मागं सारले. ती उठली. ओस पडलेलं ते गाव मला आठवलं, पण तिच्या तोंडाकडं बघून बोलायची माझी छाती झाली नाही.

तेवढ्यात मागून रडण्याचा आवाज आला. जाडा, पुरुषी.

पिराजू झोळीतून उतरून जमिनीवर बसला होता. बसला होता तो मावशीच्या पायाशी. डोक्याचे उरलेसुरले केस चेहऱ्यावर ओढून, बायका रडतात तसा रडत होता. असं कधी कुणी केलं नव्हतं. आलेल्यानं स्वतःच सुरू करायचं, आणि तेही बाईच्या जागी बसून? पोरं फिदीफिदी हसायला लागली. मामेभाऊ ओरडला, "अरे, ह्याला कुणी कंद किसायला बसवा!"

पण रडण्यात माणूस खोटं बोलत नाही. हळूहळू हसू थांबलं.

तो रडत होता, "मी नेला मावशी, मी आणला नाही. मोठ्या नदीच्या अलीकडं तो तापानं पडला, मी त्याला पाठीवर घेतला, माझ्या आईनं मला घेतलं तसा घेतला. पेरो थांबले नाहीत. त्याच वाटेच्या कडेला मी त्याला पुरला. जे उरले त्यांना परत येताना ह्यानं गळ्यात दोर घालून बांधलं, ते जहाजाच्या पोटात आहेत. मला सोडलं. मला कुऱ्हाड दिली. म्हणाला, पुढं जा, सांग सगळे खुशाल आहेत, सगळ्यांना किनाऱ्यावर आण. मी घेतली मावशी. मी कुऱ्हाड घेतली. मला घरी यायचं होतं."

आणि त्यानं गालातून जिभेनं ढकलून काहीतरी हातावर काढलं. हिरवा दगड. कुरिंबाच्या ओठातला. तो दगड जिवंत माणूस कुणाला देत नाही. इतके दिवस तो तोंडात घेऊन बसला होता.

दुआर्ते झोळीत बसून मान हलवत होता. रडण्यातलं आपलं बोलणं आपल्यालाच नीट कळायला वर्षं जातात, त्याला काय कप्पाळ कळणार? त्याला वाटलं, आणखी एक मानपान चाललाय. पाहुणचार म्हणून त्यानंही पुन्हा हातांनी चेहरा झाकला.

तुकुमा मावशी खाली बसली. तिनं दगड घेतला, मुठीत धरला, केस पुढं ओढले आणि असा हंबरडा फोडला की छपरातली पाखरं उडाली.

ती पिराजूसाठी रडायला लागली. मुरुसी कशी गेली ते सांगितलं, अगदी सावकाश, मुरुसीनं सांगितलं होतं तसं. कुरिंबासाठी रडली. आणि मग सूर जराही न बदलता ती रडली, "मागच्या दारानं पोरं न्या गं, एक एक करून न्या, पाण्याची मडकी घेऊन निघा. पश्चिमेची वाट धरा, मागं बघू नका. आम्ही म्हाताऱ्या रडतोय तोवर हा उठायचा नाही, आणि हा उठत नाही तोवर खालचे वर यायचे नाहीत."

आम्ही निघालो. मडकी घेऊन, टोपल्या घेऊन, जसं काही पाहुण्यासाठी पाणी आणायला आणि कंद खणायला निघालोय. पुरुष जळणाला निघाल्यासारखे. मी शेवटची होते. पिराजूजवळून जाताना मी वाकून म्हटलं, "दाजी, चला."

त्यानं मान हलवली. ज्याच्यासाठी रडणं चाललंय त्याला मधेच उठता येत नाही. तो उठला असता तर रडणं मोडलं असतं, आणि दुआर्तेही उठला असता. त्यानं पायानंच कुऱ्हाड माझ्याकडं सरकवली आणि रडत्या सुरात म्हणाला, "वाटेवर झाडोरा माजलाय, तोडत जावं लागेल."

टोपलीत कंदांखाली ती लपवून मी बाहेर पडले.

ते रडणं आम्हाला बराच वेळ ऐकू येत होतं. जंगलात शिरलो तरी येत होतं. टेकडी चढलो तेव्हा बारीक झालं होतं, पण होतं. म्हाताऱ्यांचे आवाज आणि त्यांच्यात तो एक जाडा. टेकडीच्या पलीकडं उतरलो आणि मग मला सांगता येणार नाही की ते थांबलं, का नुसतं ऐकू येईनासं झालं. तिथून मागाहून कुणीही आलं नाही.

इथल्या माणसांना पिराजू म्हणजे कुणीतरी देवमाणूस वाटतो. मला नाही वाटत. त्यानं पोरांना भरीला घालून नेलं. त्यानं कुऱ्हाड घेतली, स्वतःच्या तोंडानं सांगितलं तसं. तो रोज समुद्राकडं बघत होता, ते भीतीनं बघत होता की वाट बघत होता? आणि मावशी पहिल्याच दिवशी त्याच्यासाठी रडली असती, तर तो काय बोलला असता? रडण्यात खोटं बोलत नाहीत म्हणतात. पण घरी परतलेला माणूस, बायको मेलेली, पायाशी कुऱ्हाड. कुणी सांगावं? मी इतकी वर्षं ह्या कुऱ्हाडीला धार लावते आणि दर वेळी हेच माझ्या डोक्यात येतं. मला त्याचा रागही येतो आणि रडूही येतं, हे घ्या, आताही आलं.

हल्ली इथं कुणी आलं की मी लगेच रडते, कुणाला ताटकळत ठेवत नाही. पण बोटांच्या फटीतून त्याच्या हातात काय आहे ते आधी बघून घेते.

फक्त एक गोष्ट मनाला लागून राहिलीय. मी निघाले तेव्हा रडणं संपलेलं नव्हतं. म्हणजे मावशीनं त्याला अजून विचारलेलं नव्हतं. नंतर तिला तेवढा वेळ मिळाला का, तिनं "आलास का?" म्हणून विचारलं का, आणि त्याला "हो, आलो" एवढं म्हणता आलं का, ते मला कधीच कळणार नाही.

पीठ बघा रे कुणीतरी. करपल्याचा वास येतोय.